बंदूक कुठून आली?

खंडेनवमीचा दिवस आठवून पाहा. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदी वाड्यांत त्या दिवशी खुंटीवरची तलवार खाली येते, जंबियाची धूळ पुसली जाते, एखाद्या पाटलाच्या घरी ठासणीची बंदूकही पाटावर मांडली जाते. हळद-कुंकू वाहिलं जातं, झेंडूचं फूल ठेवलं जातं. ज्यांच्याकडे यातलं काही नाही ते विळ्याची, कोयत्याची, नांगराच्या फाळाची पूजा करतात. नांदेडला सचखंड श्री हजूर साहिबमध्ये तर शस्त्रांचं दर्शन हा नित्याच्या उपासनेचाच भाग आहे. १७०८ साली गुरू गोविंदसिंग तिथे निवर्तले आणि त्यांच्या परंपरेतली शस्त्रं त्या गावानं जीव लावून जपली.

आपण शस्त्राला नमस्कार करतो. पण एक साधा प्रश्न आपण फारसा विचारत नाही. हे हत्यार घरात आलं कुठून? कुणी विकलं? विकणाऱ्यानं घेणाऱ्याचं तोंड पाहिलं होतं काय? आणि त्या हत्यारानं पुढे जे काही झालं, त्याचा जाब द्यायला तो विकणारा जागेवर होता काय?

आज हा प्रश्न नव्यानं पुढे आला आहे. हातातल्या फोनवर बोट फिरवलं की कपड्यापासून ट्रॅक्टरच्या सुट्या भागांपर्यंत सगळं दारात येतं. मग एखाद्या तरुणाला वाटतं, पिस्तूलही असंच का येऊ नये? पेठेतल्या परवानाधारक दुकानात जा, कागद दाखवा, सतरा प्रश्नांना उत्तरं द्या, ही कटकट कशाला? या प्रश्नाचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात आहेच. पण त्याआधी ते आपल्या इतिहासात आहे, आणि तेही अगदी नांदेड, उदगीर, लातूरच्या आसपास. म्हणून आधी इतिहासाकडे वळू.

परमुलखातल्या विक्रेत्याकडून हत्यार घेण्याचा धडा महाराष्ट्राला फार लवकर मिळाला. १६६० साली शिवाजी महाराज पन्हाळगडावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात होते. राजापूरच्या वखारीतले इंग्रज व्यापारी, हेन्री रेव्हिंग्टन त्यांचा प्रमुख, तोफगोळे घेऊन सिद्दीच्या मदतीला गेले आणि आपलं निशाण लावून त्यांनी गडावर मारा केला. व्यापाऱ्यानं माल विकावा इथपर्यंत ठीक होतं. पण हा व्यापारी माल विकून थांबला नाही, तो माल चालवायलाही गेला. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि इंग्रजांना कैदेत टाकलं. पुढे रामचंद्रपंत अमात्यांच्या नावानं प्रसिद्ध असलेल्या आज्ञापत्रात टोपीकर सावकारांविषयी जो सावधगिरीचा इशारा आहे, त्याच्या मागे असेच अनुभव होते. टोपीकर इतर सावकारांसारखा नव्हे, त्याच्या मागे त्याचं राज्य उभं आहे, असा त्याचा मतितार्थ.

आता आपल्या भागात या. लातूर जिल्ह्यातलं उदगीर. ३ फेब्रुवारी १७६० या दिवशी सदाशिवरावभाऊंनी निजामाचा जो पराभव केला तो उदगीर-औशाच्या या टापूतच. या लढाईत मराठ्यांचा तोफखाना चालवत होता इब्राहिमखान गारदी. हा माणूस फ्रेंच सेनानी बुसीच्या पद्धतीत तयार झालेला आणि आधी निजामाच्याच चाकरीत असलेला. गंमत पाहा. ज्या कवायती तोफखान्यावर निजामानं भरवसा ठेवला त्यातलाच एक कसबी माणूस समोरच्या बाजूला उभा राहिला आणि निजामाला साठ लाखांचा मुलूख सोडून द्यावा लागला. विकत घेतलेली विद्या विकत घेणाऱ्याजवळच राहील याचा भरवसा नाही, असं कुणी म्हणेल. पण इब्राहिमखानाची गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. पुढल्याच वर्षी १४ जानेवारीला पानिपतावर हाच इब्राहिमखान भाऊंसाठी लढला, पकडला गेला आणि प्राणाला मुकला. तेव्हा माणूस परका की घरचा, हे नुसत्या जन्मावरून ठरत नाही. तो कुणाशी बांधलेला आहे यावरून ठरतं. हा मुद्दा ध्यानात ठेवा. तो आपल्याला शेवटी लागणार आहे.

निजामानं यावरून एक शहाणपण घेतलं. बाहेरून तोफा आणण्यापेक्षा त्या घरीच ओताव्यात. रेमंड नावाचा फ्रेंच सेनापती, लोकांच्या तोंडी 'मूसा रहमू', त्यानं हैदराबादेत तोफांचा कारखाना उभारला. 'तोप का साँचा' हे नाव शहराच्या त्या भागाला अजून आहे. पण कारखाना घरी असला तरी सूत्रं परक्याच्या हाती होती. १७९८ साली इंग्रजांनी निजामाशी तैनाती फौजेचा करार केला आणि त्याच वर्षी ही फ्रेंच फौज निःशस्त्र करून मोडून टाकली. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षं निजामाच्या हाती कोणती बंदूक असावी, किती असाव्यात, हे ठरवणारा इंग्रज होता.

इकडे ब्रिटिश मुलखात १८७८ साली लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रांचा कायदा आला. हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगता येईना. गोऱ्यांना मात्र सूट. हा भेदभाव लोकांच्या फार जिव्हारी लागला आणि काँग्रेसनं आपल्या सुरुवातीच्या अधिवेशनांतच त्याविरुद्ध आवाज उठवला. याच काळात गोरा साहेब बंदूक कशी घेत होता हेही पाहण्यासारखं आहे. लंडनच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचा जाडजूड सूचीग्रंथ त्याच्या टेबलावर असे. १८९१ साली त्या दुकानाची शाखा मुंबईत निघाली. साहेबानं सूची उघडायची, चहाचं भांडं, तंबूचा दांडा आणि शिकारीची बंदूक यांवर खूण करायची, पैसे पाठवायचे, की माल बोटीनं आणि आगगाडीनं येई. म्हणजे घरबसल्या बंदूक मागवणं ही आजची नवलाई नव्हे. फरक इतकाच की तेव्हा मागवणाऱ्याचं नाव, पलटण आणि हुद्दा साऱ्या जगाला ठाऊक असे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. साल १९४७-४८.

त्या वेळचा नकाशा आधी डोळ्यांपुढे आणा. आजचा लातूर जिल्हा तेव्हा नव्हता. तो १६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, आणि उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके बीदर जिल्ह्यात. नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेला पैनगंगा वाहते. नदीच्या अलीकडे निजाम, पलीकडे वऱ्हाड. पश्चिमेला बार्शी ओलांडली की मुंबई इलाखा. १५ ऑगस्ट १९४७ ला पैनगंगेच्या पलीकडच्या काठावर तिरंगा लागला आणि अलीकडे तो लावणाऱ्याला लाठी बसू लागली.

२९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकार आणि निजाम यांच्यात जैसे थे करार झाला. पण कराराची शाई वाळण्याआधीच कुरबुरी सुरू झाल्या. त्यांतली एक मोठी कुरबुर शस्त्रांचीच होती. हैदराबादचं म्हणणं, आम्हाला कबूल केलेली हत्यारं मिळत नाहीत. दिल्लीचं म्हणणं, तुमच्या रझाकारांना आवरा. या रझाकारांचे पुढारी कासीम रझवी हे लातूरलाच वकिली करणारे गृहस्थ. कोर्टात पुरावे मांडणारा माणूस गावोगाव हत्यारबंद टोळ्या उभ्या करू लागला आणि त्या टोळ्यांचा जाच नांदेडपासून निलंग्यापर्यंत खेड्यापाड्यांनी सोसला.

सरळ मार्गानं हत्यार मिळेना तेव्हा हैदराबादची माणसं परदेशच्या बाजारात शिरली. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलेलं. युरोपात शिलकी हत्यारांचे ढीग पडलेले, लढाऊ विमानं चालवणारे वैमानिक बेकार झालेले. त्यात सिडनी कॉटन नावाचा एक ऑस्ट्रेलियन होता. युद्धाच्या आरंभी विमानातून टेहळणीची छायाचित्रं काढण्याच्या तंत्रात त्यानं मोठं नाव कमावलेलं. १९४८ च्या उन्हाळ्यात त्यानं लँकेस्टरिअन जातीची मोठी विमानं मिळवली. बॉम्बफेकी लँकेस्टर विमानाचंच हे प्रवासी रूप. रात्रीच्या अंधारात कराचीहून उडायचं आणि हैदराबाद, बीदर, वरंगळच्या धावपट्ट्यांवर बंदुका, दारूगोळा उतरवून पहाटेच्या आत परत फिरायचं, असा हा उद्योग.

बीदर म्हटलं की ते आपल्याला दूरचं वाटतं. पण उदगीरच्या माणसाला तेव्हा ते जिल्ह्याचं ठिकाण होतं. शेतसाऱ्याची, कोर्टकचेरीची कामं तिथे. त्याच गावाच्या धावपट्टीवर रात्री उतरणारा माल कुणावर चालणार हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

आणि ज्यांच्यावर तो चालणार होता त्यांच्याजवळ काय होतं? स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसनं लढा पुकारला, तेव्हा कार्यकर्त्यांनी हद्दीबाहेर सरहद्दीवर तळ टाकले. नांदेडच्या बाजूला पैनगंगेपलीकडे उमरखेडचा तळ, लातूर-उस्मानाबादच्या बाजूला बार्शी तालुक्यातला चिंचोलीचा तळ. उदगीरजवळ देवर्जनच्या हत्तीबेटावर तर निजामाच्या हद्दीतच लढवय्यांनी ठाणं मांडलं. यांची हत्यारं म्हणजे मिळेल ते. ठासणीच्या बंदुका, थोड्याबहुत बाराबोअर, कुठून तरी मिळवलेल्या रायफली, हातानं तयार केलेले बाँब, भाले, कुऱ्हाडी आणि गोफण. घेणारा ओळखीचा, देणारा ओळखीचा. आज हत्यार नेलं, उद्या दुसऱ्या तुकडीला लागलं की परत आणून द्यायचं. पैसा नव्हता. १९४८ च्या जानेवारीत नांदेड जिल्ह्यातल्या उमरीच्या बँकेवर छापा पडला तो या लढ्याच्या खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठीच.

एका बाजूला समुद्रापलीकडून आलेला, रोख मोजून घेतलेला माल. दुसऱ्या बाजूला हातोहात फिरणारी जुनी बंदूक. शेवट काय झाला ते तुम्हाला ठाऊक आहे. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौजा सोलापूरकडून शिरल्या, नळदुर्ग पडलं. आरंभीच बीदर आणि वरंगळच्या धावपट्ट्यांवर हवाई दलाचे बाँब पडले. पाच दिवसांत, १७ सप्टेंबरला, निजामानं नभोवाणीवरून शरणागती जाहीर केली. तोच आपला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. रात्री आणलेल्या त्या महागड्या मालानं राज्य वाचलं नाही. कारण हत्यार विकत मिळतं, ते हाती धरून तुमच्यासाठी मरायला तयार असलेली प्रजा विकत मिळत नाही.

आणि विक्रेत्याचं काय झालं? सिडनी कॉटनला इंग्लंडमध्ये कोर्टानं दंड केला. किती? दोनशे पौंड! इकडे गावंच्या गावं होरपळली, तिकडे विमानवाला दोनशे पौंड भरून मोकळा. दूरचा विक्रेता म्हणजे काय, हे याहून स्पष्ट कसं सांगावं?

या गोष्टीला एक शेपूट आहे. शरणागतीच्या त्याच दिवसांत हैदराबादच्या खात्यातले दहा लाख पौंड, नेमके सांगायचे तर १०,०७,९४० पौंड ९ शिलिंग, लंडनमधल्या पाकिस्तानी हायकमिशनरच्या खात्यावर वळते झाले. निजामानं ते परत मागितले. बँकेनं ना यांना दिले ना त्यांना. खटला पिढ्यानुपिढ्या चालला. पाकिस्ताननं पुढे जे मुद्दे मांडले त्यांतला एक असा, की ही रक्कम शस्त्रं पुरवल्याच्या बदल्यातली आहे. २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या न्यायालयानं तो मुद्दा फेटाळला आणि भारत व निजामाचे वारस यांच्या बाजूनं निकाल दिला. तोवर त्या रकमेचे साडेतीन कोटी पौंड झाले होते. लढाई पाच दिवसांत संपली, पण हिशेब ७१ वर्षं चालू राहिला.

वाचकहो, इथेच थांबलो तर गोष्ट सोयीची होईल. दूरचा विक्रेता वाईट, घरचा चांगला, असं म्हणून टाळ्या घेता येतील. पण इतिहास इतका सोयीचा नसतो. पोलिस कारवाईनंतरच्या काही आठवड्यांत काय घडलं तेही सांगायला हवं. भारत सरकारनं पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांना चौकशीसाठी पाठवलं. १९४८ च्या अखेरीस त्यांची समिती या भागात फिरली. तिच्या अंदाजानुसार कारवाईच्या काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, आणि त्यांत बहुतांश मुसलमान होते. सर्वांत जास्त झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड होते. म्हणजे आपलेच जिल्हे. मुसलमानांची हत्यारं काढून घेतली गेली आणि हिंदूंजवळची पुष्कळदा तशीच राहिली, असंही समितीला आढळलं. अनेक ठिकाणी फौजेनं आणि हिंदू शेजाऱ्यांनी मुसलमानांचे प्राण वाचवले, हेही तिनं नोंदवलं. हा अहवाल कित्येक दशकं बंद राहिला. २०१३ च्या सुमारास तो लोकांना पाहायला मिळाला.

या वेळी हत्यार दूरचं नव्हतं. ते गल्लीतलं होतं. चालवणारा आणि ज्याच्यावर चाललं तो, एकाच आडाचं पाणी पिणारे होते. रझाकारांनी जे केलं त्याचा सूड, ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्यांच्यावर उगवला. म्हणून म्हणतो, जवळचं हत्यार आपोआप शहाणं होत नाही. जवळीक पुरत नाही. हत्यार कुणाकडे आहे याची नोंद हवी, ती सर्वांना सारखी लागू हवी आणि चुकलं तर जाब विचारणारा हवा. एका गटाची हत्यारं घ्यायची आणि दुसऱ्याची ठेवायची, तर तो कायदा राहत नाही, ती बाजू घेणं होतं. १८७८ चा कायदा याच दोषानं बदनाम झाला होता.

हाच प्रश्न पुढे साऱ्या जगापुढे आला. १९६३ च्या मार्च महिन्यात अमेरिकेत ली हार्वे ऑस्वाल्ड नावाच्या माणसानं शिकागोच्या एका दुकानाची जाहिरात पाहून टपालानं रायफल मागवली. खोटं नाव लिहिलं, पत्ता म्हणून टपालपेटीचा क्रमांक दिला, टपालखर्चासह २१ डॉलर ४५ सेंट पाठवले. दुकानदारानं त्याचं तोंडही पाहिलं नाही. त्याच वर्षी २२ नोव्हेंबरला त्या रायफलीनं अध्यक्ष केनेडींचा प्राण घेतला. पाच वर्षांनी, १९६८ साली, तिथल्या कायद्यानं परराज्यातून ग्राहकाच्या घरी टपालानं बंदूक पाठवणं बंद केलं. आजही तिथे परराज्यातल्या दुकानातून संगणकावर बंदूक पसंत केली तर ती खरेदीदाराच्या दारात येत नाही. त्याच्या गावच्या परवानाधारक दुकानात येते. तिथे त्याला स्वतः जावं लागतं, अर्ज भरावा लागतो, पूर्वायुष्याची तपासणी होते. ज्या देशात बंदूक हा हक्क मानतात तिथेसुद्धा शेवटी एका माणसानं दुसऱ्या माणसाचं तोंड पाहावं, अशी तजवीज करावी लागली.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर १९५९ साली नवा शस्त्र कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो लागू झाला. गोरा-काळा भेद संपला. आपल्या जिल्ह्यांत परवाना जिल्हाधिकारी देतात, पोलिसांकडून चौकशी होते. मग परवानाधारक विक्रेत्याच्या दुकानात जायचं. तो परवाना तपासतो, हत्याराचा क्रमांक वहीत लिहितो, तुमच्या परवान्यावर नोंद होते. काडतुसं किती घ्यायची यालाही मर्यादा. २०१६ च्या नियमांनंतर परवानाधारकाला देशभर ओळखता येईल असा क्रमांक मिळतो आणि अर्ज संगणकावरून करता येतो. २०१९ च्या दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुकांची मुभा राहिली आणि लग्नावरातीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठरली. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करून घेतली जातात, हे तुम्ही पाहिलंच असेल.

या साऱ्यात अर्ज फोनवरून करता येतो, बंदूक मात्र फोनवरून येत नाही. समाजमाध्यमावर कुणी पिस्तुलाचा फोटो टाकून 'घरपोच मिळेल' म्हणत असेल, तर दोनच शक्यता. एक तर तो आगाऊ पैसे घेऊन पसार होणारा भामटा आहे, किंवा खरोखरच गावठी कट्टा विकणारा गुन्हेगार. पहिल्यात पैसे जातात, दुसऱ्यात तुरुंगाचं दार उघडतं. तिसरी शक्यता नाही.

दुकानदाराच्या त्या वहीची कटकट वाटते खरी. पण त्या वहीत एका बाजूला तुमचं नाव असतं, दुसऱ्या बाजूला त्याचं. दोघंही बांधलेले. इब्राहिमखान गारदी भाऊंशी बांधलेला होता, सिडनी कॉटन कुणाशीच नव्हता. फरक काय तो एवढाच.

यंदा खंडेनवमीला पाटावर शस्त्र मांडाल, तेव्हा झेंडूचं फूल वाहताना घरातल्या पोरांना एवढं जरूर सांगा. हत्याराला धार असते, तोंड नसतं. ते स्वतःची हकीकत सांगत नाही. ती सांगण्यासाठी वही लागते, आणि वही खरी ठेवणारी माणसं लागतात. १९४८ साली आपल्या नांदेड-लातूरच्या गावांत ती वही नव्हती. त्याची किंमत कुणी मोजली, हे आता तुम्हाला ठाऊक आहे.